गल्लीमागं एक सायकल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पंक्चरचं. कडब्याच्या गंजीत लपवलेली तिची सायकल सरूनं त्या दिवशी ओढून बाहेर काढली होती. मागचं चाक उतरवलं, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. ती ट्यूब दाबत होती, मी पंपानं हवा भरत होतो, आणि बुडबुडे एका जागी नाही, चार जागी निघत होते. मला धाप लागली तशी म्हणाली, "अहो, टांग्याच्या घोड्याला बी एवढा दम लागत न्हवता." मी म्हणालो, "घोड्याला चंदी मिळायची." ती हसली. ठिगळं कातरली, पण चिकटवायला सोल्युशन कुठं होतं? डबीच्या तळाला वाळून बसलेलं खरवडलं, लावलं, वर वीट ठेवली. "उद्या सकाळपावतर धरंल," ती म्हणाली. मी म्हणालो, धरायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी सरू गेली. पटकीनं गेली. ठिगळ धरलं की नाही ते मी अजून बघितलेलं नाही.

मी हिंगोलीत उभा जन्म टांगा हाकला. शाळा दुसरीपर्यंत, तीही उर्दूची, तेव्हा शब्द इकडचा तिकडं झाला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. सरू, माझी बायको, सुईण होती. गावातली अर्धी लेकरं तिच्या हातावर जन्मली, पण आमच्या घरात पाळणा हलला नाही, हे पण लिहून टाकतो, म्हणजे कुणी विचारायला नको. लोक दुसरंच विचारतात. टांगेवाल्याची बायको सायकलीच्या मागं काहून लागली? नवऱ्याचं भाडं बुडवायला?

तिच्या बहिणीची लेक गोरेगावच्या वाटेवरल्या एका खेड्यात दिली होती. पहिलटकरीण. मूल आडवं आलं. तिकडून निरोप घेऊन माणूस निघाला तो पायी. बिचारा पळत आला, बसत आला, टाचा फुटलेल्या. आम्ही तिथल्या तिथं टांगा जोडला, घोड्याच्या तोंडाला फेस आला, पण पोचलो तेव्हा अंगणात बाया बसलेल्या होत्या आणि दारात तिरडीचे बांबू येऊन पडले होते... परत येताना सरू नाक्यापर्यंत घोड्याच्या मानेकडं बघत बसली. मग म्हणाली, "घोडा उशिरा पोचला न्हाई. मी बी उशिरा पोचले न्हाई. निरोप उशिरा पोचला." तेवढंच. पण ती गोष्ट तिच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. दर गल्लीमागं एक सायकल पाहिजे, आणि ती चालवणारे गल्लीत चार जण पाहिजेत, म्हणजे निरोप पायी येणार नाही. बाकी तिला काही नको होतं.

यासीनभाईचं सायकलचं दुकान टांगा अड्ड्यासमोर होतं. तासावर सायकली द्यायचा, पंक्चर काढायचा. आम्हा टांगेवाल्यांचा तो दुश्मन, आणि सरू जाऊन बसली त्याच्याच दुकानात. आधी मला शिकवा म्हणाली. त्या काळात बाईनं सायकलवर बसायचं म्हणजे... पण लुगड्याचा काष्टा असतो, त्याला काही अडत नाही. छावणीच्या जुन्या मैदानावर मी कॅरिअर धरून मागं पळायचो आणि यासीनभाई लांब उभा राहून ओरडायचा, "भाभी, चाक को नक्को देखो! रस्ते को देखो!" ती बाभळीत गेली. एकदा उकिरड्यात गेली. मी म्हणालो, "घोड्याला लगाम असतो, हिला काय हाय?" तर अंगावरचं शेण झटकत म्हणते, "घोडा लाथ मारतो, ही निदान मारत न्हाई." अड्ड्यावरचे लोक मला म्हणायचे, बायको सायकलवर, तू टांग्यावर, लावा एकदा शर्यत. ऐकून घेतलं. काय करणार!

ती शिकली, स्वतःपुरती एक जुनी सायकल घेतली, मग गावाला शिकवायला निघाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायची आणि बायांना म्हणायची, "मला वाण नको. तुझा नवरा दे आठ दिवस." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण नवरे यायचे. जिनिंगमधले हमाल यायचे, बाजारातला पानवाला आला. शेजारचा नामदेव आमच्या डोळ्यादेखत मोठा झालेला. तो तर असा शिकला की हात सोडून चालवायला लागला, तेव्हा सरूनं त्याला चपलेनं हाणला. यासीनभाईनं एक जुना सांगाडा दिला, जिनिंगच्या लोहारानं त्याला पायडल बसवून दिलं, आणि आमच्या गल्लीची पहिली सायकल माझ्याच तबेल्यात, माझ्याच घोड्याशेजारी उभी राहिली. घोडा तिला हुंगायचा.

भांडणं काय कमी झाली? एका म्हातारबुवानं विचारलं, ह्या शिटावर सगळ्या जाती बसणार, मुसलमान बसणार, मग इटाळ न्हाई का? सरू म्हणाली, "सायकलीला इटाळ होत न्हाई आजोबा, पंक्चर होतं. तुमची सून अडली की तुमीच सांगा, कोणाला बसवू." त्याच्या सुनेच्या वेळी निरोप घेऊन आला तो यासीनभाईचा पुतण्या. म्हाताऱ्यानं स्वतः त्याला गूळपाणी दिलं.

मोठी लढाई चालू होती तेव्हा टायर मिळेना. लोकांनी टायरमध्ये काथ्या भरला, चिंध्या भरल्या. हाडं खिळखिळी व्हायची, पण सायकली थांबल्या नाहीत. एक एक करत बऱ्याच गल्ल्यांनी आपापली सायकल उभी केली. कोणाकडं भिंतीला टांगलेली, कोणाकडं मशिदीच्या ओसरीत, कोणाकडं मारुतीच्या पाराला साखळीनं बांधलेली. कुलूप कुठंच नव्हतं. ज्याला तातडी त्यानं न्यावी. घोडा मेला, मी दुसरा घेतला नाही, गुडघेही गेले होते, तरी मला तकलीफ वाटली नाही. संध्याकाळी ओट्यावर बसायचो. घंटी वाजली की सरू आतूनच विचारायची, "कोणाच्या घरून?"

मग ते दिवस आले. हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. कोण, कोणाचे, ते मी लिहीत नाही, ज्यांनी भोगलं त्यांना माहीत आहे. सायकलवाला दिसला की अडवायचे. कोणाचा निरोप नेतो? कोणासाठी नेतो? जिच्यासाठी सरूनं एवढं केलं, ती निरोपाची सोयच लोकांच्या जिवावर उठली. पानवाल्याला कळमनुरीच्या रस्त्यावर धरला आणि त्याच्याच सायकलीच्या पंपानं मारला. तो जगला, पण एका कानानं बहिरा झाला. त्याच संध्याकाळी गल्ली जमली. सरू म्हणाली लपवू. लोक म्हणाले, झडतीत सापडली तर सगळी गल्ली जाईल. नामदेवानं सायकल उचलली आणि गल्लीतल्या आडात टाकली. त्या आडाचं पाणी मचूळ, धुण्याभांड्यापुरतं. सायकल पडल्याचा आवाज आला तशी सरू घरी गेली आणि कोणाला न सांगता स्वतःची सायकल तिनं कडब्याच्या गंजीत खुपसली. इतर गल्ल्यांनी तेच केलं. कोणी पुरली, कोणी मोडून भंगारात दिली.

यंदा फौज आली, हैदराबादचं राज्य गेलं. आम्हाला वाटलं संपलं. पण भीती गेली नाही, तिनं नुसतं घर बदललं. आता यासीनभाईच्या घरात भीती. एके सकाळी त्याच्या दुकानाला कुलूप होतं. बायकापोरांना घेऊन कुठं गेला, कोणी म्हणतं नांदेडला, कोणी म्हणतं हैदराबादला, कोणी म्हणतं विचारू नका. ज्या माणसानं गावाला चाकावर बसवलं तो पायी गेला. सरू त्या कुलपासमोर जाऊन उभी राहायची. मी ओढून आणायचो.

तरी ती पुन्हा दारोदार फिरली. आता काढा म्हणे सायकली बाहेर. "दिवस निवळू द्या मावशी," एवढंच उत्तर सगळीकडं. नामदेवाकडं गेली तेव्हा मी बरोबर होतो. तो म्हणाला, "मावशी, मला दोन लेकरं हायेत. कोणी अडवलं तर?"

"त्या दोन्ही लेकरांची नाळ म्या कापली," सरू म्हणाली. "दुसऱ्याच्या वेळी मला न्यायला कशावर आला व्हतास?"

तो उठला नाही. येताना ती मला म्हणाली, "मी मेल्यावर काढतील." मी रागावलो. ती म्हणाली, "मग आपली तरी काढू." त्यावर ते पंक्चर.

पहाटे तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. उजाडेपर्यंत डोळे खोल गेले, हातापायांत गोळे आले. डॉक्टर पटकीची सुई टोचायला कळमनुरीला गेलेला. मोटार बंद. तिच्या सायकलीचं चाक निघालेलं, गल्लीची सायकल आडात. नामदेव पायी पळत निघाला. मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो आणि ते राहत नव्हतं. मी देवाला शिव्या दिल्या, गावाला दिल्या. तिनं एकदा डोळे उघडून विचारलं, "कोण गेलंय?" मी म्हणालो, नामदेव. "कशावर?"... मी खोटं बोललो. सायकलवर, म्हणालो. बरं झालं, म्हणाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती गेली. मागून बऱ्याच वेळानं छकड्यातून डॉक्टर उतरला, तोपर्यंत बाया तिला न्हाऊ घालत होत्या. नामदेवाच्या टाचा फुटल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, जरा आधी कळतं तर शिरेतून सलाईन दिलं असतं. जरा आधी! हे शब्द मी मरेपर्यंत ऐकणार. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडात पडलेल्या घागरी काढायचा घरातला गळ घेतला, दोर घेतला, आणि आडावर गेलो. शेजारीण धुणं घेऊन आली होती, ती ओरडली, "अहो काका, सुतक हाय तुमाला! आडाला शिवू नका!" मी म्हणालो, शिवलो. बाया मागं सरकल्या. लोक दारादारात येऊन उभे राहिले, कोणी ओट्याखाली उतरलं नाही. सुतकाच्या माणसाला आणि त्याच्या दोराला हात कोण लावणार? मी गळ सोडला. गाळ आला, फुटकी घागर आली. पुन्हा सोडला. खूप वेळ काहीच लागेना. मग जड काहीतरी अडकलं. मी ओढलं, हात सोलले, दोर माझ्या हातून सरकायला लागला. मी म्हणालो, "अरे बघत काय उभे राहिलात, तुमच्या घरात उद्या कोणी मरणारच न्हाई का?"

नामदेव लंगडत आला. सुतकाचं त्याच्या लक्षात आणून द्यायला त्याची आई हाका मारत होती. त्यानं माझ्या हातांच्या खालून दोर धरला. दोघांनी मिळून ती काठावर आणली. चेन गंजून एक झालेली, चाकांत शेवाळ, शिटातून काळं पाणी गळत होतं. नामदेव तिच्याजवळ बसून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं नाही. म्हणालो, "ऊठ. तेल आण."