दुसरे ‘हे’

मार्चमधला पहिला रविवार. रक्कम चारशे नव्याण्णव रुपये. हजर तिघे: मी, बायको आणि समता कॉलनीत राहणारी मेहुणी. बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराचं इंटरनेट रिचार्ज दुपारीच संपलं होतं, आणि संध्याकाळी मालिकेचा शेवटचा भाग होता.

मालिका एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरची, हिंदीत बोलणारी. त्यात एक जमीनदार आहे. लांब काळा कोट, उंच बूट, बोलणं मोजकं. त्याचं इंग्रजी नाव दोघी बहिणींच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला ‘हे’ म्हणू लागल्या. मला हे ठाऊक नव्हतं. लग्नापासून बायको माझं नाव न घेता मलाच ‘हे’ म्हणत आली आहे.

आदल्या आठवड्यात मी भाजी घेऊन आलो, तेव्हा ती फोनवर मेहुणीला सांगत होती, "हे काल किती चांगले दिसून राहिले होते वं! रागावले, पण आवाज नाही चढवला."

मी पिशवीसकट दारातच थांबलो. काल मी रागावलो होतो खरा. केसांवरून हात फिरवला.

"अन् घोड्यावरून उतरले तं..." ती पुढे म्हणाली.

माझ्याकडे स्कूटर आहे.

तेव्हापासून मी त्या माणसावर नजर ठेवली. इतक्या भागांत त्यानं एकदाही भाजी आणली नाही, विजेचं बिल भरलं नाही, गॅसचा नंबर लावला नाही. चांगलं दिसायला त्याला दिवसभर वेळ.

म्हणून त्या रविवारी मी म्हणालो, "रिचार्ज पुढच्या महिन्यात."

"काहून?" बायकोनं विचारलं.

"खर्च फार होतो."

"भाऊजी, जळून राहिले का तुम्ही?" मेहुणी हसली.

"त्याच्यावर? मी?"

बायको भांडली नाही. तिनं पर्स उचलली. "चाल वं, तुह्या घरी पाहू. ह्यांचं जेवण झाकून ठेवते."

माझ्या वाट्याचं ‘हे’ आता फक्त झाकलेल्या ताटापुरतं उरलं होतं. मी इथे एकटा जेवणार, आणि ती तिकडे त्याच्याकडे बघत बसणार. बघायचंच असेल तर माझ्यासमोर बघावं. मी खिशातून मोबाइल काढला.

"आलं, आलं!" टीव्ही सुरू होताच बायको ओरडली.

मेहुणीनं पायातल्या चपला परत काढल्या. "पैसे कोणं भरले वं ताई?"

"ह्यांनी."

"कोणत्या ह्यांनी?"

"स्कूटरवाल्या."

मी दोघींच्या मधे जाऊन बसलो. चारशे नव्याण्णव रुपये गल्लीतल्या इंटरनेटवाल्या भैयाला गेले. सगळे माझेच.