आईवर गेलेली शिंगरं

स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं तर खंडेराव डोकं खाजवतील. नूर घोडीच्या पणजीचं नाव मात्र ते झोपेतही सांगतील. जमीला. जमीलाची शबनम, शबनमची गुलनार, गुलनारची नूर. दिंडोरीजवळच्या द्राक्षबागांच्या मधोमध शेखरदादांचा अरबी घोड्यांचा तबेला आहे, आणि तिथे खंडेराव तीस वर्षं मोतद्दार आहेत, घोड्यांची निगा त्यांच्याकडे. या चौघींना खरारा त्यांच्याच हातचा.

येवल्याच्या बाजारात लोक घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवतात. खंडेरावांना त्याचं हसू येतं. तबेल्यात कुणी पाहुणा आला की ते छाती पुढे काढून सांगतात, "भोवरे सोडा, आई बघा. अरबाचा स्वभाव आईकडून येतो." आणि तबेल्याची शिंगरं असायचीच तशी गुणी. अनोळखी माणूस आला तरी जवळ येऊन खांद्यावर हनुवटी टेकवायची. पाहुणे खूश, शेखरदादा खूश, आणि खंडेराव तर विचारूच नका. जणू त्यांच्याच माहेरचं कौतुक चाललंय.

मग नूरला मैना झाली. दिसायला देखणी, चालीला हलकी, पण स्वभावानं निव्वळ मिरची. जवळ जाल तर कान मागे पाडायची, खूर उचलू द्यायची नाही. आठ महिन्यांची होईतो तिनं दोन माणसांना लाथा घातल्या आणि दसऱ्याच्या दिवशी, पूजेच्या ऐन वेळी, खुद्द शेखरदादांच्या दंडाला चावा घेतला.

शेखरदादा माणूस शांत. दंडाला हळद लावून घेतली आणि म्हणाले, "खंडूकाका, ही विकायची. आणि नूरलाही. आईकडून येतं हे तुम्हीच शिकवलंत मला."

खंडेरावांनी आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवलेलं वाक्य त्यांच्याच पायात घुटमळलं. नूर जन्मली तेव्हा तिला आधी त्यांनी पुसलं होतं. तिच्याशिवाय तबेला ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

दोष बापावर ढकलावा, तर गुलनारच्या गेल्या वर्षीच्या शिंगराचा बापही तोच, आणि ते शिंगरू गाईसारखं गरीब. दाणा तोच, गवत तेच, जागा तीच. मग बिघडलं कुठे? दोन दिवस खंडेरावांना जेवण गोड लागलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांची बायको परतली. लेकीला, तेजस्विनीला, जुळं होणार म्हणून बायडाबाई माघातच नाशिकरोडला गेल्या होत्या, त्या नऊ महिने तिकडेच अडकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या कुंपणाच्या आत पालथ्या घमेल्यावर मेथी निवडायला बसल्या. गुलनार आली, नूर आली, गेल्या वर्षीचं शिंगरू आलं. कुणी खांद्यावर हनुवटी टेकवली, कुणी पदर ओढला. बायडाबाई एका हातानं त्यांचे कान चोळत होत्या, खूर उचलून मांडीवर घेत होत्या आणि जावयाच्या आईच्या तक्रारी त्यांना सविस्तर सांगत होत्या. मैना तेवढी लांब उभी राहून हे सगळं बघत होती.

खंडेराव हातातला खरारा तसाच धरून उभे राहिले. तबेल्यातलं प्रत्येक शिंगरू दुसऱ्या दिवसापासून या बाईच्या मांडीशी वाढलं होतं. एकटी मैना सोडून. आणि आपण मात्र "बायडे, लाड करू नको, शिंगरं बिघडतील" म्हणून दरवर्षी ओरडत आलो! त्यांना मनापासून लाज वाटली.

ते तडक शेखरदादांकडे गेले. "दादा, चाल, डोळा, दम, हे आईकडून येतं. माणसावर भरवसा ठेवायचा, ते माझ्या बायकोकडून आलंय. तीस वर्षं मी लोकांना निम्मं चुकीचं सांगितलं. नूरला विकू नका."

खंडूकाकांच्या तोंडून "चुकीचं" हा शब्द शेखरदादांनी प्रथमच ऐकला असावा. म्हणाले, "बागेची छाटणी उरकेपर्यंत थांबतो. तेव्हा मैनाचा खूर मी स्वतः उचलणार. नाही उचलू दिला, तर दोघी जातील."

बायडाबाईंनी वेगळं काहीच केलं नाही. रोज बसल्या, रोज बोलल्या, मैनाकडे बघितलंसुद्धा नाही. खंडेराव कुंपणाबाहेरून जीव मुठीत धरून बघायचे. अकराव्या दिवशी मैनानं मेथीची एक काडी पळवली. विसाव्या दिवशी कानाला हात लावू दिला.

छाटणी संपली. शेखरदादा आले, वाकले आणि मैनाचा पुढचा खूर हातात घेतला. मैनानं कान एकदा मागे नेले, बायडाबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे आणले. शेखरदादा खूर खाली ठेवून म्हणाले, "राहू द्या दोघींना." खंडेरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, अगदी शेखरदादांपुढे चूक कबूल केली तेसुद्धा. बायडाबाई चुलीवरची भाकरी उलटता उलटता थांबल्या.

"म्हंजे तुमाला ठावकंच नव्हतं?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माज्यावर लय भरवसा हाय तुमचा. म्हनून तर दरसाल शिंगरू झालं की दुसऱ्याच दिशी सकाळी माज्यापाशी आनून सोडता."

खंडेराव शिंगरू आणून सोडायचे ते घोडीची जागा झाडताना पायात येऊ नये म्हणून. पण बायकोच्या तोंडावर जो आनंद होता तो बघून त्यांनी मान डोलावली आणि भाकरीसाठी ताट पुढे केलं. हे तिला सांगण्याइतके ते खुळे नव्हते.