शेजारणीचा गंज

जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा आईची आणि तिच्या शेजारणीची सामाईक भिंतही गेली. पुनर्वसनाच्या वसाहतीत दोघींच्या मध्ये दोन गल्ल्या आल्या, तरी जाणे-येणे सुटले नाही. वडील वारले त्या दिवशी आमची चूल पेटली नव्हती. शेजारणीनेच जर्मनच्या गंजात वरण-भात आणला. त्या पातेल्याची ऊब माझ्या तळहातांना अजून आठवते.

गंज मग आमच्याच फळीवर राहिला. भरून आलेले भांडे आमच्याकडे रिकामे परत करत नाहीत, आणि आई तर एकटीपुरते मूठभर तांदूळ शिजवत होती. दुसऱ्याला द्यावे असे काही तिच्या हातून रांधले जाईना. गंज नेता येत नाही, म्हणून तिने शेजारणीच्या गल्लीत जाणेच सोडले.

ती कुणाशी बोलेनाशी झाली, तेव्हा मी नागपूरहून एक बोलके यंत्र आणून खिडकीत ठेवले. ते तिला औषधाची आठवण करी, भजन लावी, जेवणाचे विचारी. परक्या पाहुण्यासमोर पदर सावरावा, तशी आई त्याच्यासमोर जीभ सावरून पुस्तकी बोले. फोनवर मला तिचा आवाज ऐकू येई, निवळलेला आणि पातळ.

पौषात मी घरी गेले. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीचे कडधान्य हिरवे पसरले होते. हवेत तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा कोरडा वास होता. दुपारी शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"काहून वं, माहा गंज गिळला का तुनं?"

आई जागची उठली नाही. "रिकामा कसा आणू?"

"मंग भरून आण. मले का मेवा पाहिजे?"

खिडकीतून यंत्राने अदबीने विचारले, "आपण जेवलात का?"

"मायबाई! हे कोण बोलली?"

"पोरीनं आणली. रोज विचारते."

"अन् तू सांगतेस? मले तं कधी नाही सांगितलं, जेवली का उपाशी हायस ते." शेजारीण हसत होती, पण तिची नजर फळीवरच्या गंजावर होती. "इले काही खाऊ घातलं का कधी?"

"ते कुठी खाते?"

"मंग बरं हाय तुले. रांधा लागत नाही."

ती गेली. आईने फळीवरचा गंज खाली उतरवला. मग तिने मला लाखोरीची कोवळी पाने खुडून आणायला पाठवले. तेलात लसूण तडतडला आणि कित्येक महिन्यांनी त्या घराला वास आला. यंत्र म्हणाले, "औषधाची वेळ झाली आहे."

"थांब वं, हात भरले हायेत," आई आपल्या बोलीत म्हणाली.

तिन्हीसांजेला ती पदराखाली गंज झाकून निघाली. मी उंबऱ्यावर बसून राहिले. मागून यंत्राने विचारले, काही मदत हवी आहे का. मी नाही म्हटले.

आई परतली तेव्हा गंज तिच्या हातातच होता. शेजारणीने घेतला नाही, असे मला वाटले. तिने झाकण उचलले. आत वाळल्या झिंग्यांचा रस्सा होता, अजून वाफ धरून असलेला.

"आता पुन्हा न्या लागते," आई कुरकुरली, आणि गंज फळीवर न चढवता तिने चुलीपाशी ठेवला.