सर्वांना गेलेली प्रत

शनिवारी दुपारी सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोत सहा-सात शिकलीसवरलेली माणसं टीव्हीसमोर बसून पंचाला शिव्या घालतात, आणि त्यांतला एकही सोमवारी ऑफिसात कुणा वरिष्ठाच्या निर्णयाबद्दल तोंड उघडत नाही. मी हे दोन वर्षं पाहिलं. सुरुवातीला हसू यायचं.

कॉन्डो आमच्या साहेबाचा. आंग मो किओच्या आमच्या कंपनीत सर्किट बोर्ड तपासणारी यंत्रं बनतात, त्या विभागाचा तो प्रमुख. मूळचा मेलबर्नचा. त्यांच्याकडचं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू, तो लाथेनेही मारायचा आणि हातातही धरायचा, समोरच्याला मिठी घालून पाडायचं, आणि हे सगळं चालू असताना शिट्टीवाले पंच मैदानभर पळत असतात. सामना असला की विभाग साहेबाकडे जमायचा. आमंत्रण होतं, सक्ती नव्हती. न केलेली सक्ती नोकरदाराला जास्त नीट कळते.

दादाला ती कळत होती. दादा म्हणजे विभागातला सगळ्यांत अनुभवी टेस्ट इंजिनिअर, नागपूरचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. राहायचा पासिर रिसला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून सुट्टीच्या दिवशी तासभर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून यायचा, मांडीवर वहिनींनी दिलेला चिवड्याचा डबा. खेळात त्याला काडीचा रस नव्हता. पण न कळता टाळ्या वाजवणंही त्याला जमेना, म्हणून त्याने नियमांचं अख्खं पुस्तक छापून घेतलं आणि पेन्सिलीने खुणा करत वाचून काढलं. मेलबर्नला जन्मलेल्यांपैकी ते कुणीच वाचलेलं नव्हतं. भांडण फार वाढलं की साहेब म्हणायचा, प्रोफेसरला विचारा. दादा चष्मा पुसून नियम सांगायचा. नियम ज्याच्या विरुद्ध जाई तो म्हणायचा, पुस्तक बरोबर असेल, पंच आंधळाच आहे.

सगळ्यांत जास्त भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला कुणी धरून पाडलं, तर पंचाने बघायचं की चेंडू सोडायची संधी त्याला आधी मिळाली होती का. मिळूनही त्याने सोडला नसेल तर फ्री किक समोरच्यांना. मिळालीच नसेल तर त्याचा दोष नाही. या मिळाली-नाही-मिळालीवर साहेब चित्र थांबवायचा, मागे न्यायचा, टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवायचा. गोल झाला की नाही ते परत तपासता येतं, पण फ्री किक एकदा दिली की दिली, याचा त्याला भयंकर संताप. माणूस चुकतो, मग चूक दुरुस्त करायची सोय नको का, असं तो दर शनिवारी म्हणायचा.

त्या वर्षी दादाला वार्षिक मूल्यमापनात सगळ्यांत खालची श्रेणी मिळाली. गिऱ्हाइकाकडे पाठवलेलं एक यंत्र बंद पडलं होतं. त्याच्या तपासणीचं काम दादाच्या हातात आलं तेव्हा माल जायला तीन दिवस उरले होते. रचना दुसऱ्याची, घाई वरच्यांची, आणि एवढ्यात नीट तपासणी होणार नाही असं दादाने ईमेलवर कळवलेलं. तरी श्रेणी त्याला. ती श्रेणी राहिली तर करार वाढणार नव्हता, करार नाही तर इथे राहायचा पास नाही, आणि पास नाही म्हणजे लेकीची शाळा मध्येच तोडून घर गुंडाळायचं. लेक इथेच वाढलेली. नागपूरचं नाव काढलं की इथल्या पोरांच्या बोलीत म्हणायची, "बाबा, आय कान्ट लाह."

त्या शनिवारी साहेबाच्या लाडक्या खेळाडूविरुद्ध फ्री किक गेली. साहेब उठून उभा राहिला. पोराच्या हातात चेंडू आला काय, अंगावर दोघं पडले काय, कुठली संधी मिळाली होती त्याला? मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, "आणि दादाला किती मिळाली होती?"

कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. दादा डब्याचं झाकण लावू लागला. साहेब मला बाल्कनीत घेऊन गेला. वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण तो हळू आवाजात म्हणाला की श्रेणी त्याच्याच सहीने वर गेली आहे, अजून पक्की झालेली नाही, गाजावाजा न होता परत मागवता येईल. "त्याला एक साधं पत्र लिहायला सांग. फक्त मला."

दादाने ते काम मला दिलं. मी लिहिणारा ना. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी बोटं कायम काळी असायची. तिथे आम्ही एक धडा मार खाऊन शिकलो होतो. शिष्यवृत्तीचं पहिलं निवेदन आम्ही तिथल्या कचेरीतल्या एकट्या साहेबाच्या हातात दिलं, ते त्याच्या खणात गेलं, आणि मग आम्ही असं काही दिलंच नव्हतं असं ठरलं. तेव्हापासून आमच्यात रीत पडली, निवेदन एका हातात द्यायचं नाही. प्रत सर्वांना.

रविवारी पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर मी दादाचा लॅपटॉप पुढ्यात घेतला. पहिलंच वाक्य अन्यायाचं होतं. दुसऱ्यात निषेध. मग मुद्दे, तारखांसकट, एकेक खणखणीत. शेवटी मी विभागातल्या सगळ्यांचे पत्ते घातले आणि साहेबाच्या वरच्या दोघांचेही.

दादाने चष्मा वर करून वाचलं. "फक्त त्याला, असं म्हणाला होता ना तो?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "दादा, मऊ लिहून आपल्या माणसांना आजवर काय मिळालं?"

त्याने पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "तुला यातलं जास्त कळतं." आणि बटण त्याने स्वतः दाबलं.

सोमवारी साहेबाने मला बोलावलं. चिडलेला नव्हता, थकलेला होता. मी ती श्रेणी परत मागवणार होतो, म्हणाला. आता मागवली तर बारा जणांसमोर कबूल करायचं की मी चुकलो, आणि वरचे दोघं विचारणार, मग बाकी कुठे कुठे चुकलास. श्रेणी कायम राहिली. त्याच्यातली सचोटी चारचौघांत अर्धा दिवसही टिकली नाही, हे मी आजही म्हणतो. पण ती चारचौघांत ओढून आणली मी. त्या पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि त्याचा दादाला काडीचा उपयोग झाला नाही. वसतिगृहात आमच्याकडे गमावण्यासारखं काहीच नव्हतं. दादाकडे होतं, आणि त्याच्या वतीने शूर झालो मी.

प्रत मिळालेल्या एकानेही उत्तर दिलं नाही. निरोपाच्या दिवशी मात्र सगळ्यांनी मिळून दादाला साहेबाच्या संघाचा लोकरी मफलर दिला, सोबतच्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या. सिंगापूरच्या उकाड्यात लोकरी मफलर. दादाने तो गळ्यात घालून फोटो काढू दिला. विमानतळावर मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "नागपूरला थंडीत उपयोगी पडेल रे." मला त्याने शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मी अजून शनिवारी जातो. माझा पास पुढच्या वर्षी संपतोय. परवा पुन्हा तीच फ्री किक, तेच भांडण. साहेबाने चित्र थांबवलं, सवयीने दादाच्या खुर्चीकडे वळला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रोफेसर नाही. तू सांग, मिळाली होती का संधी?"

पडद्यावर तो खेळाडू चेंडू छातीशी धरून थांबलेला. हातात चेंडू घेऊन त्याने चांगली चार पावलं टाकली होती, मी मोजली होती. संधी मिळाली होती. पंच बरोबर होता.

"नाही," मी म्हटलं. "नव्हती मिळाली."

साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि वेफर्सचं भांडं माझ्याकडे सरकवलं.