न कापलेलं कापड

वाशीला कापड घ्यायला मी शेजारणीलाच नेते. तिचं माहेर खाडीकाठचं दिवाळे गाव. दुकानदाराने तागा उलगडला की ती कापड गालाला लावते, डोळे मिटते आणि म्हणते, "खाडीवरचा वारा हाय गो." स्वतःसाठी घेतलेलं कापड ती घरी पाण्यातून काढते, वाळवते आणि घडी घालून कपाटात ठेवते. शिवत मात्र नाही. "शिवलं की त्याचं येकच कायतरी होतं. असंच ठेवलं तर काय पन होईल."

परवा लेकीच्या परकराला माझं निळं कापड कमी पडलं. दुकानातला तागा संपला होता. तिने त्याच ताग्यातलं स्वतःचं निळं आणलं आणि माझ्या कात्रीने सरळ कापलं. मग उरलेला तुकडा गालाला लावून तिने डोळे मिटले.

तिने डोळे उघडेपर्यंत मी शिलाई मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं.