साडूंचं न घेतलेलं पिस्तूल

कमरेला लपवून रोज बाळगता येईल अशा छोट्या, भरवशाच्या पिस्तुलाविषयी आमच्या साडूंइतकी माहिती असलेला माणूस न्यूझीलंडच्या दोन्ही बेटांवर मिळून सापडणार नाही. त्यांनी आजवर पिस्तूल हातात धरलेलं नाही. लांबूनही पाहिलेलं नाही. ऑकलंडच्या विमानतळावर एकदा एका पोलिसाच्या पट्ट्याला होतं म्हणतात, पण साडू त्या वेळी सामानाच्या ट्रॉलीचं चाक तपासत होते. या देशात पिस्तूल खिशात घालून हिंडायची मुभा सामान्य माणसाला नाही, आणि 'स्वतःच्या रक्षणासाठी' हे कारण बंदुकीच्या लायसन्ससाठी चालत नाही. हे दोन्ही नियम साडूंना पाठ आहेत, पण त्यामुळे त्यांचा अभ्यास अडला नाही. "उद्या कायदा बदलला," ते म्हणतात, "तर परवा सकाळी दुकानापुढे रांग लागेल. कुठलं घेऊ नि कुठलं नको, असा विचार मी रांगेत उभा राहून करणार नाही, साडूभाऊ."

साडू ऑकलंडमधल्या पेनरोजच्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. त्याआधी पिंपरीत तेच काम करत होते. वस्तू चांगली की वाईट, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. वस्तू दर वेळी तशीच वागते का, एवढंच त्यांना हवं असतं. घरात नवा टोस्टर आला की ते त्यात ब्रेडच्या चाळीस स्लाइस ओळीने भाजतात, टेबलावर मांडतात आणि रंग जुळवतात. पुढचे तीन दिवस घर टोस्ट खातं. छत्री घेतली की हॉलमध्ये उभं राहून शंभर वेळा उघडतात-मिटतात. त्यांच्या सत्तर टक्के भेटवस्तू मुलीला वाढदिवसानंतर मिळाल्या आहेत, कारण त्या आधी तपासणीत होत्या. स्थळ म्हणून ताईंना पाहायला गेले तेव्हा त्यांनी 'आवडी काय' हा ठरलेला प्रश्न विचारला, आणि अर्ध्या तासाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दोन्ही उत्तरं जुळली. ताई ही हकीकत सगळ्यांना सांगतात. साडूंना त्यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ऑकलंडच्याच पापाटोएटो भागात त्यांची डेअरी आहे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, पाव, पेपर, गोळ्या, सिगारेटी. पहिली सहा वर्षं ताईंनी दुसऱ्यांच्या पॅकहाउसमध्ये किवीची फळं निवडली, मग ही डेअरी घेतली. दारावर स्वतःचं नाव मराठीत आणि इंग्रजीत लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या माओरीत "किया ओरा" म्हणून नमस्कार करतात, त्यांच्या आयांची गुडघेदुखी विचारतात, आणि जॅन्डल्सचा, म्हणजे रबरी चपलेचा, तुटलेला पट्टा दोऱ्याने शिवूनही देतात. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी दोघे तोंड झाकून आत आले, हातोड्याने व्हेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटींचं, कपाट फोडलं, पिशवी भरली आणि गेले. ताई तीन पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी पोलिसांना फोन केला, काचा झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता शटर उघडलं. त्यांना त्यानंतर झोप नीट लागते. साडूंना लागत नाही.

त्या आठवड्यात अभ्यास सुरू झाला. साडूंच्या लॅपटॉपमध्ये त्याची एक फाइल आहे. आडव्या ओळींत पिस्तुलांचे नमुने, उभ्या रकान्यांत वजन, लांबी, जाडी, गोळ्यांची संख्या, घोडा ओढायला लागणारा जोर. आणि सगळ्यांत शेवटी, लाल रंगात, एकच रकाना: 'दर वेळी?' जेवताना ते विषय काढत नाहीत, पण विषय आपोआप तिथे येतो. मीठ पुढे सरकवताना ते सांगतात, "छोटं घ्यावं तर लपतं छान, पण हातात ठरत नाही, झटका जास्त. मोठं घ्यावं तर नेम चांगला, पण शर्टाखालून दिसतं. मग माणूस ते घरी ठेवतो. घरी ठेवलेलं पिस्तूल म्हणजे घरी ठेवलेली छत्री." रिव्हॉल्व्हर की मॅगझिनचं पिस्तूल, या प्रश्नावर त्यांनी पाच महिने घालवले. रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी फुसकी निघाली तरी पुन्हा घोडा ओढला की पुढची येते. पिस्तूल चपटं, पण खिशातला कापसाचा भुगा आत गेला की अडकू शकतं. हे कळल्यावर त्यांनी स्वतःचे सगळे खिसे उलटे करून त्यातला भुगा दर रविवारी गोळा केला, एका डबीत ठेवला आणि वजन केलं. शेवटी कौल रिव्हॉल्व्हरला मिळाला. त्या दिवशी त्यांनी श्रीखंड आणलं.

"अहो, पण घ्यायचं नाहीये ना?" माझ्या बायकोने विचारलं.

"घेता येत नाही," साडू म्हणाले. "निवडता येतं."

निवडलेली वस्तू दिवसभर कमरेला कशी वाटते, हे पाहणं मग ओघानेच आलं. खोटं पिस्तूल वापरायला ते तयार नव्हते. लोक घाबरतील, आणि तेही नियमात बसणार नाही. म्हणून त्यांनी तेवढ्याच वजनाची मसूर डाळ घेतली, अर्धा किलो, ती जाड पिशवीत भरून दोऱ्याने आवळली आणि कमरेला पट्ट्याच्या आत खोचली. दोन महिने ते अशी डाळ बाळगून कारखान्यात गेले, ट्रेनमध्ये बसले, भाजी आणायला गेले. रोज संध्याकाळी ती कुठे टोचली, कुठे सरकली याची नोंद होई. आपल्याकडे काही आहे हे कोणालाच कळलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांची लेक सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. ती म्हणाली, "डॅड, एव्हरीवन कॅन सी इट. दे थिंक यू हॅव अ मेडिकल थिंग."

महिन्यातून एका रविवारी शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमच्या लोकांची बुद्धवंदना होते. साडू पहिल्या रांगेत असतात. डाळीच्या दुसऱ्या महिन्यात, पंचशील घेताना, 'पाणातिपाता वेरमणी' म्हणजे जीवहत्येपासून दूर राहीन, या पहिल्याच शीलाला ते वाकले आणि दोरा सुटला. अर्धा किलो मसूर लाकडी फरशीवर चारही दिशांना गेली. वंदना पूर्ण झाल्यावर चाळीस माणसं गुडघ्यांवर बसून डाळ वेचत होती. ज्येष्ठ उपासकांनी विचारलं, "काय हो, दान आणलं होतं का?" साडू तिथेही खोटं बोलले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. उपासकांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मग पहिलं शील?" साडूंचं उत्तर तयार होतं: "शील मारू नका म्हणतं. बाळगू नका असं म्हणत नाही." यावर चहाच्या वेळी वाद झाला. तो अनिर्णित राहिला, पण त्यानंतर साडूंच्या शेजारी बसणाऱ्यांनी थोडं अंतर ठेवलं.

गंमत इथपर्यंतच होती. पापाटोएटोतच आणखी एका डेअरीत चोरी झाली आणि साडूंनी ताईंना सांगितलं की दुकान विकून टाकू. ताई म्हणाल्या, नाही. आठवडाभर घरात भांड्यांचाच आवाज होता. शेवटी करार झाला. साडूंनी साध्या बंदुकीच्या लायसन्ससाठी अर्ज करायचा. पुढे नेमबाजीचा क्लब, मग पिस्तुलाची परवानगी, अशा पायऱ्या होत्या आणि त्यांतली कुठलीच डेअरीच्या काउंटरपर्यंत जात नव्हती. पण निदान पहिली पायरी चढलो, तर आपण काहीतरी केलं असं वाटेल आणि झोप लागेल, असं साडूंचं म्हणणं होतं. लायसन्स मिळालं तर दुकान राहील. नाकारलं तर ताईंनी दुकान विकायचं. ताईंना घरात बंदूक नको होती. दुकान हवं होतं. त्यांनी हो म्हटलं.

अर्जानंतर चौकशीसाठी एक बाई घरी येणार असं पत्र आलं. त्या अर्जदाराशी बोलणार, मग बायकोशी वेगळं बोलणार, घर पाहणार, आणि ओळखीच्या माणसालाही प्रश्न विचारणार. ओळखीचा माणूस मी होतो. परकी व्यक्ती फाइल घेऊन घरी येते आणि माणसाचा स्वभाव, पिणं, राग यांची विचारपूस करते, असा प्रसंग आमच्या माहितीत एकच आहे. त्यामुळे ताईंनी कांदेपोहे केले. साडू इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, बूट दाराबाहेर काढून आत आल्या. बंदुकीची तिजोरी कुठे ठेवणार ते पाहायचं होतं. ताईंनी तिजोरीची जागा, साड्यांचं कपाट, लेकीची सर्टिफिकिटं आणि लग्नाचा अल्बम दाखवला. पिता का, या प्रश्नाला ताईंनीच उत्तर दिलं, "एकतीस डिसेंबर. हाफ ग्लास. देन ही स्लीप्स."

मग बाईंनी साडूंना विचारलं, बंदूक कशासाठी हवी आहे?

या प्रश्नाचं उत्तर तीन आठवडे पाठ करून घेतलं होतं. 'टार्गेट शूटिंग.' दोनच शब्द. लेकीने चाळीस वेळा विचारलं होतं, चाळीस वेळा तेच उत्तर आलं होतं. साडूंनी विचारलं, "डू यू वॉन्ट द आन्सर फॉर द फॉर्म, ऑर द आन्सर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "द आन्सर, प्लीज."

साडू वीस मिनिटं बोलले. हातोडा, कपाट, तीन पावलं मागे, छोटं रिव्हॉल्व्हर, दर वेळी चालणारं, कमरेला, शर्टाखाली, काउंटरच्या मागे. कायद्यात हे बसत नाही हेही त्यांनीच सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, मला हे सगळं लिहावं लागेल. साडू म्हणाले, "ऑफकोर्स. एक इन्स्पेक्टर दुसऱ्याला काय सांगणार?" हे त्यांनी मराठीत म्हटलं, पण बाईंना समजलं असावं.

ताईंशी बाई स्वयंपाकघरात बोलल्या. दार लावलेलं होतं. काय बोलणं झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं होतं, या माणसाची तुम्हाला भीती वाटते का? ताई म्हणाल्या, नाही, हा माणूस झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो. मग घरात बंदूक आली तर चालेल का? ताईंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "प्लीज डोन्ट गिव्ह हिम. ही इज अ व्हेरी गुड मॅन. प्लीज डोन्ट." दुकान जाणार हे माहीत असताना त्यांनी हे म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बाईंनी पोहे दोनदा घेतले आणि मग गेल्या.

नकाराचं पत्र आलं. करार ताईंनी केला होता, तो त्यांनी पाळला. त्यांनी दुकानं विकून देणाऱ्या एजंटला फोन केला, त्याने येऊन फोटो काढले. त्या रात्री साडूंनी फोटोंत दारावरचं ताईंचं नाव पाहिलं, आणि सकाळी त्यांनी एजंटला स्वतःच फोन करून फोटो काढून टाकायला सांगितलं. कारखान्यात त्यांनी पहाटेची पाळी मागून घेतली. आता ते अडीचला सुटतात, पेनरोजहून ट्रेन पकडतात आणि तीन-सव्वातीनला कामाच्या पिवळ्या जॅकेटसकट डेअरीत हजर होतात. दुधाच्या प्रत्येक बाटलीची तारीख पाहतात. चिप्सच्या पाकिटातली हवा दाबून बघतात. गिऱ्हाईक वैतागतं. पावाच्या व्हॅनवाल्याने त्यांना पाहिलं की तो गाडीतच एकदा पाव मोजतो.

"तुम्ही इथे करणार काय, कोणी आलं तर?" मी विचारलं.

"उभा राहीन," साडू म्हणाले.

"हातात काहीच नसताना?"

"उभं राहणं दर वेळी जमतं, साडूभाऊ. मी पाहिलंय करून."

आता त्यांना झोप लागते. दुकानाचं दार वाजलं की ते हातातलं काम सोडून काउंटर आणि गिऱ्हाईक यांच्या मधोमध येतात, आणि "किया ओरा" म्हणतात. म्हाताऱ्या बायका आल्या तरी येतात. ताई मला एकदा पाव बांधून देताना हळूच म्हणाल्या, "मला तेव्हा भीती नव्हती हो. पिशवी भरतील आणि जातील. आता वाटते. हे मध्ये पडतील."

दुकान पूर्वी आठ वाजता बंद व्हायचं. आता ताई अंधार पडायच्या आत शटर ओढतात. थंडीमुळे संध्याकाळी कोणी फिरकत नाही, असं त्यांनी साडूंना सांगितलं आहे. लोक येतात, बंद दार पाहतात आणि परत जातात.