साहेबीणबाईंच्या सांजोऱ्या
परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कढईत सांजोरी सोडली, गूळ-वेलदोड्याचा वास घरभर सुटला आणि दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली ती बाई आठवली. वडिलांच्या साहेबांची बायको. मी तेव्हा नववीत होते. सणाच्या सकाळीच बाईंनी माझ्या आईला बंगल्यावर बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मीही हाताखाली मदतीला गेले. आईने रवा भाजला, सारण केलं, शंभरेक सांजोऱ्या भरून तळल्या. बाई पंख्याखाली नखं रंगवत बसल्या होत्या. दुपारी पाहुण्या आल्यावर म्हणाल्या, "सगळ्या मीच केल्यात हं! इथल्या बायकांना कुठलं जमायला?" आई पाण्याचा ट्रे घेऊन मागेच उभी होती. एका म्हाताऱ्या पाहुणीने विचारलं, "मुरड किती नाजूक! कशी घातली?" बाई गडबडल्या. "साचा मिळतो ना बाजारात." आई धुळ्याकडची. ट्रे खाली ठेवून ती शांतपणे अहिराणीत म्हणाली, "ती मुरड मन्हा हातनी शे, बाई," आणि मला घेऊन बाहेर पडली. त्यानंतर तीन महिने वडिलांना सलग रात्रपाळी लागली. आज वाटतं, त्या बाईला सूडसुद्धा स्वतः घेता आला नाही. तोही तिने नवऱ्याकडून करवून घेतला.